मेसेज वाचायच्या आधीच काळजात धस्स होतं. तुमचं काय?

उंबरठा_सातारा

मंडळी, परवा संध्याकाळी पोळ्या लाटत होते. डाव्या मांडीवर, कुर्त्याच्या खिशापाशी, फोन थरथरला. दोनदा, अगदी स्पष्ट. पिठाचा हात तसाच खिशात घातला तर खिसा रिकामा! फोन हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जिंगला. कुर्त्यावर पिठाची पाच बोटं उठली, तेवढीच काय ती कमाई.

एकदाच झालं असतं तर धागा काढला नसता. आठवड्यातून तीन-चारदा होतंय. मी बँकेत कॅश काउंटरला आहे. दिवसभर फोन त्याच खिशात, व्हायब्रेटवर.

दुसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. ऑफिसच्या ग्रुपला मी एक टोन लावलाय, ‘टि-डिं-ग’ असा तीन सुरांचा, चढत जाणारा. ग्रुपवर येतं काय, तर ‘उद्या लवकर या’, कुणाचा तरी वाढदिवस, केकचे फोटो. घाबरावं असं काहीच नाही. तरी तो टोन वाजला की आधी काळजात धस्स होतं, तळहात ओले होतात, आणि मग मी स्क्रीनकडे बघते. क्रम बघा. काय आलंय ते कळायच्या आधीच शरीर घाबरून मोकळं झालेलं असतं.

तुम्हाला अ‍ॅपमुळे अंगाला, म्हणजे खरोखर अंगाला, काय काय होतं ते लिहा. ‘मोबाईल वाईट’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ छापाची कीर्तनं कृपया नकोत. ती घरी रोज ऐकते.

लुंगीवाला_आप्पा

+१. मी घरी लुंगी नेसतो. लुंगीला खिसा नसतो. तरी उजवी मांडी फडफडते आणि मी चाचपतो. बायको म्हणते, हे चारचौघांत करू नका.

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ म्हणतात. उजव्या मांडीचं पंचांगात काही दिलंय का? (हलकेच घ्या.)

रक्तदाब_१२०

उंबरठाताई, वेडबिड काही लागलेलं नाही. आमच्या पेशातच हे भरपूर आहे. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांची पाहणी आली होती. पेजर किंवा फोन न थरथरताच थरथरल्याचा भास ६८ टक्क्यांना होत होता. जास्त तास यंत्र अंगावर बाळगणारे आणि ते व्हायब्रेटवर ठेवणारे यांना जास्त. म्हणजे तुमचंच वर्णन. २०१२ साली अमेरिकेतल्याच एका कॉलेजच्या मुलांना विचारलं तर ८९ टक्के ‘हो’ म्हणाली, आणि बहुतेकांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

होतं काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. त्वचेच्या खोल थरात कांद्यासारखे पापुद्रे असलेले बारीक ग्राहक असतात. एकोणिसाव्या शतकात पचिनी नावाच्या इटालियन माणसाने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनं असली की ते सगळ्यात तिखट. फोनची चिमुकली मोटर साधारण त्याच पट्ट्यात चालते. पण कापड घासलं, मांडीचा एखादा स्नायू आपला आपण उडाला, तरी काहीबाही निरोप वर जातोच. एरवी मेंदू तो कचऱ्यात टाकतो. मात्र दिवसभर एकाच पत्राची वाट बघत बसलं की दारावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलची घंटा पोस्टमनचीच वाटते ना, तसं आहे हे.

उपाय साधा आहे. खिसा बदला, व्हायब्रेट बंद करा. काहींचं जातं, काहींचं नाही.

टोनचं मात्र प्रकरण वेगळं दिसतंय. त्यावर नंतर लिहितो, ओपीडी भरलीय.

दुचाकी_पुणे

मी जेवण पोचवायचं काम करतो, त्यामुळे माझं पोट याच आवाजावर चालतं. ऑर्डर पडली की फोन नुसता टिंग करत नाही, बोंबलतो. स्क्रीनवर गोल रिंगण कमी कमी होत जातं, ते संपायच्या आत घ्यायची. नळ स्टॉपला सिग्नलवर उभा असतो, हेल्मेटच्या आत कानात आवाज येतो आणि मानेच्या शिरा ताणलेल्या मला स्वतःला कळतात. रात्री साडेनऊला पाऊस चालू असेल तर विचारूच नका.

आता गंमत ऐका. मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी बायको-मुलीला घेऊन जेवायला गेलो. शेजारच्या टेबलाशी पार्सल घ्यायला आलेल्या पोराच्या फोनवर तोच आवाज वाजला. माझा उजवा हात ताटात होता. मनगट आपोआप वळलं, अ‍ॅक्सिलरेटर पिळतो तसं. घास सांडला. मुलगी हसली. ते पोरगं पण माझ्याकडे बघून हसलं, त्याला बरोबर कळलं होतं.

हाताला मुंग्या येतात त्या हँडलच्या थरथरीच्या, त्या मी यात धरत नाही. पण हे मनगट वळणं कशातलं?

तळटीप

@दुचाकी_पुणे, सलाम. तुमच्या एका सांडलेल्या घासात अर्धं मानसशास्त्र आहे.

आता कुणीतरी येऊन ‘डोपामिन’ (मेंदूतलं एक रसायन) म्हणायच्या आत मीच म्हणून घेतो, कारण या शब्दाचा आपल्याकडे पार चिवडा झालाय. ‘लाइक आलं की डोपामिन सुटतं आणि मजा येते’ हे फार ढोबळ आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. खूण दाखवायची, मग फळांचा रस द्यायचा. सुरुवातीला रस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी उसळत. माकडाला खूण समजल्यावर त्या खुणेलाच उसळू लागल्या, आणि रस ठरल्याप्रमाणे मिळाला तर ढिम्म. खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणाला मंदावत. म्हणजे तो हिशेबनीस आहे. ठरल्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, एवढंच टिपत बसतो. टिंग ही खूण. केकचा फोटो हा रस. (आणि बहुतेक वेळा आंबलेला रस.)

पण उंबरठाताईंचं धस्स होणं हे त्या हिशेबनिसाचं काम नव्हे. घामेजलेला तळहात, धडधड हे दचकण्याचं खातं आहे, अ‍ॅड्रेनलिनचं. दोन्हींची गल्लत करू नका, आणि ‘डोपामिन उपवास’ विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आता अंगठ्याकडे वळा. पडदा खाली ओढून सोडला की ताजी यादी येते, ही लकब लॉरेन ब्रिक्टर नावाच्या प्रोग्रामरने २००९ साली ट्वीटी नावाच्या अ‍ॅपमध्ये आणली. तळच नसलेली यादी, म्हणजे अनंत स्क्रोल, ही त्याआधीची, २००६ ची, एझा रास्किन यांची. त्यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ओढायचं, सोडायचं, क्षणभर थांबायचं, कधी काही येतं, कधी नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कबुतरांना कधी पाच टोचींनी दाणा मिळायचा, कधी पन्नास, आणि ती टोचत राहायची. कबुतराच्या चोचीऐवजी आपला अंगठा आला, इतकंच. काही नवीन आलेलं नसणार हे डोक्याला पक्कं माहीत असतानाही तो खाली ओढतो. माझा तर हा प्रतिसाद लिहिताना दोनदा ओढून झाला.

रक्तदाब_१२०

तळटीप, सहमत.

दुचाकीभाऊ, तुमच्यासाठी एक. २०१५ साली मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी आयफोनवाल्यांना शब्दकोडी सोडवायला बसवलं, काहीतरी निमित्त काढून त्यांचा फोन थोडा दूर नेऊन ठेवला आणि त्यावर फोन लावला. उठून घेता येत नव्हता. नाडी वाढली, रक्तदाब वाढला, शब्द कमी सापडले. तिथे तर कुणाची रोजीरोटी अडकलेली नव्हती. तुमचं मनगट वळलं त्यात नवल नाही.

षड्जातली_मी

माझं निरीक्षण श्वासाचं आहे. गाण्याची शिकवणी घेते, त्यामुळे कोण कुठे श्वास चोरतो हे कळायची सवय. तर मी स्वतःच चोर निघाले.

भाजीवाल्याकडे कोड स्कॅन केला, रक्कम टाकली, पिन टाकला. मग ते चक्र फिरायला लागतं. बघा कधीतरी, तेवढा वेळ श्वास बंद असतो. मागे दोन माणसं खोळंबलेली, भाजीवाला कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा, आणि मी छाती भरून, ओठ मिटून, समेची वाट बघितल्यासारखी. त्याच्या गाडीवरचा डबा ‘बासष्ट रुपये प्राप्त झाले’ म्हणाला की हुश्श! बासष्ट रुपयांसाठी एवढा कुंभक! नेटवर्क मंद असेल तर तानेइतका लांबतो. एकदा मी भाजीवाल्याकडे पाहिलं, तर तोही श्वास धरूनच उभा होता.

याला एक नावही आहे म्हणे, ‘ईमेल अ‍ॅप्निया’. लिंडा स्टोन यांनी २००८ साली त्यावर लेख लिहिला. आधी अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टमध्ये होत्या. सकाळी मेल उघडताना आपला श्वास अडकतो हे त्यांना स्वतःवरूनच लक्षात आलं, मग ओळखीपाळखीच्या लोकांना बसवून बघितलं. तो काही मोठा शास्त्रीय अभ्यास नव्हे, पण मला पटतं. विद्यार्थिनींना सांगितलं, टाइप करताना एक हात पोटावर ठेवा. सगळ्यांचं पोट दगड.

कुशीवर_झोपणारा

हा धागा आधी सापडला असता तर माझे एक रात्र आणि डॉक्टरांची फी वाचली असती.

रात्री दिवे बंद करून डाव्या कुशीवर पडून तासभर रील्स बघत होतो. पाणी प्यायला उठलो, तर उजव्या डोळ्याने काही दिसेना. डावा झाकून बघितलं, काळोख. उजवा झाकला, तर दाराची चौकट व्यवस्थित. बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, त्यामुळे तिथेच खाली बसलो. बायकोला हाक मारायलाही आवाज फुटेना. तिने दिवा लावला आणि सगळं परत जागेवर.

सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे. त्यांनी नीट तपासलं, आणि मग पहिला प्रश्न, ‘कुठल्या कुशीवर?’ डावा डोळा उशीत दबलेला, म्हणजे अंधाराला सरावलेला. उजवा तासभर उजेडात. अंधारात उठल्यावर उजव्याला पुन्हा सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो ‘गेल्या’सारखा वाटतो. दोन्ही डोळ्यांनी बघत असतो तर लक्षातही आलं नसतं. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच दोन बायकांची हकीकत आली होती, एक बावीस वर्षांची, एक चाळीस. तपासण्यांमध्ये काही सापडलं नाही. शेवटी कळलं, दोघी कुशीवर पडून फोन बघायच्या.

पण डॉक्टरांनी बजावलं ते इथेही लिहितो. खरोखर एका डोळ्याची दृष्टी गेली तर ‘रील्समुळे असेल’ म्हणून झोपून राहू नका, तडक दाखवा.

अवांतर: त्यांनी पापण्याही मोजायला सांगितल्या. १९९३ साली जपानी डॉक्टरांनी मोजलं होतं. माणूस निवांत असताना मिनिटाला बावीस वेळा पापणी लवते, पुस्तक वाचताना दहा, कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे सात. मुलाला फोन बघताना मी मोजलं. मध्ये इतका वेळ लवलीच नाही की मीच घाबरून त्याच्यासमोर टाळी वाजवली.

कुंभार्ली_उतार

कुणीच गाडी लागण्याबद्दल कसं लिहिलं नाही? चिपळूण-कराड एसटी, कुंभार्ली घाट, खिडकीची जागा. लहानपणापासून मला कधी गाडी लागली नाही. आलेपाक घेऊन बसणाऱ्यांना हसायचो. आता तिसऱ्या वळणाला व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की तोंडाला पाणी सुटतं, कानशिलं गार पडतात आणि पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरावा लागतो.

कारण जुनंच. कानाच्या आतल्या तीन नळ्या सांगतात ‘वळतोय, वळतोय’, आणि डोळे सांगतात ‘छे, अक्षरं जागच्या जागी आहेत’. दोघांच्या भांडणात पोट बळी. खिडकीबाहेर बघितलं की डोळे-कान एक होतात.

पण उलटंही होतं. घरी सोफ्यावर बसून भराभर स्क्रोल केलं तरी मळमळतं. इथे डोळे म्हणतात ‘हललो’ आणि कान म्हणतात ‘नाही’. २०१३ साली आयफोनच्या आयओएस ७ मध्ये चित्रं मागेपुढे सरकायला लागली तेव्हा बऱ्याच लोकांना असं झालं होतं. ‘रिड्यूस मोशन’ म्हणून सेटिंगमध्ये सोय आहे, ती चालू करा. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये तर पडद्याच्या कडेला ठिपके येतात, गाडी वळेल तसे सरकणारे, म्हणजे डोळ्यालाही वळण कळावं. माझ्याकडे साधा अँड्रॉइड. माझा ठिपका म्हणजे आलेपाक.

मणका_आणि_मी

फिजिओथेरपिस्ट आहे. एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

‘मान साठ अंशात वाकवली की मानेवर २७ किलो भार’ हे चित्र तुम्हा सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलं असेल. ते २०१४ सालचं आहे, केनेथ हंसराज नावाच्या शल्यचिकित्सकांचं. पण ते संगणकावरच्या प्रतिकृतीचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही. मान वाकली की भार वाढतो हे खरंच. पण पेशंट ‘माझ्या मानेवर सत्तावीस किलो’ म्हणून घाबरून मान हलवणंच सोडतात, ते जास्त वाईट. मान वाकवण्यासाठीच असते. एकाच जागी तासभर धरून ठेवू नका, बस.

तक्रार अंगठ्याची. अंगठा मुठीत दाबा आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर सणक गेली का? मग दाखवून घ्या. फ्रिट्झ द केरव्हँ या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं. त्याआधीच्या पुस्तकांत ‘धोबिणीची लचक’ अशा अर्थाचं नाव सापडतं, कारण पिळे पिळून पिळून व्हायचं. बाळंतिणींना आजही होतं, बाळ उचलून. माझ्याकडे परवा एक आजी आल्या. सून म्हणाली, दिवसभर मोबाईल असतो हातात. आजी म्हणाल्या, आणि पन्नास वर्षं गोधड्या कोणी पिळल्या? मी दोघींच्या मध्ये पडले नाही.

तळटीप

अंगठ्यावरून आठवलं. झ्युरिकमध्ये २०१५ साली ३७ जणांच्या डोक्याला तारा लावून बोटांच्या टोकांना हलका स्पर्श केला. २६ जण टचस्क्रीनवाले, ११ जुन्या बटणांच्या फोनवाले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्या स्पर्शाला मेंदूचा प्रतिसाद टचस्क्रीनवाल्यांमध्ये जास्त ठळक होता. वर मागच्या दिवसांत फोन जितका जास्त वापरलेला, तितका अंगठ्याचा जोर जास्त. वापर किती, ते लोकांना विचारलंच नाही, थेट फोनच्या बॅटरीच्या नोंदी घेतल्या. लोक खोटं सांगतात, बॅटरी नाही सांगत.

व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचं असंच काहीसं आधी सापडलं होतं. त्यांना निदान व्हायोलिन येतं.

लुंगीवाला_आप्पा

विषय शरीराचा आहे म्हणून. २०२५ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आतड्याच्या तपासणीला आलेल्या १२५ जणांना विचारलं, संडासात फोन नेता का. ६६ टक्के ‘हो’ म्हणाले, आणि नेणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त. दोष अ‍ॅपचा नाही, बसून राहण्याचा.

मी हे कुठे बसून लिहितोय ते विचारू नका.

रक्तदाब_१२०

आप्पा, उठा.

उंबरठाताई, टोनचं राहिलं होतं. तुम्ही लिहिलंत त्यावरून शरीराने तो टोन आधी कुठेतरी शिकलेला दिसतोय, ऑफिसच्या ग्रुपवर नव्हे. तुम्ही तो कधीपासून वापरता?

उंबरठा_सातारा

दोन दिवस लिहिलं नाही, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लगेच कळलं. राग याचा आला की इतके दिवस कळलं नव्हतं.

ऑफिसचा ग्रुप गेल्या वर्षी नवा झाला. टोन निवडताना यादीतला हा ‘ओळखीचा’ वाटला म्हणून लावला. ओळख अशी, की एप्रिल २०२१ मध्ये तो मी दादाला लावला होता. बाबा दवाखान्यात होते, आत एकट्या दादाला सोडत. तो दर दोन तासांनी ऑक्सिजनचा आकडा पाठवायचा. बाकी काही नाही, नुसता आकडा. ९१. ८९. ९२. रात्री फोन छातीवर ठेवून पडायचे, टोन वाजला की आधी डोळे मिटून घ्यायचे आणि मग बघायचे. बाबा घरी आले, आज ठणठणीत आहेत, अंगणात जास्वंदीला पाणी घालतायत. फोनही तेव्हाचा राहिला नाही. मी विसरले होते. तळहात विसरले नव्हते.

दादाला विचारलं, तुला होतं का असं? म्हणाला, टोनचं नाही. पण बोटाला लावायच्या त्या चिमट्याची टीप-टीप ऐकू आली की त्याच्या दाढा आवळतात.

षड्जातली_मी

तीन चढते सूर म्हणालात. कुठले ते विचारणार होते, पण राहू दे.

दुचाकी_पुणे

ताई, टोन बदला आजच. आमचा कंपनीवाला बदलू देत नाही, तुमच्या हातात तरी आहे.

उंबरठा_सातारा

बदलला. आता ग्रुपला चिमण्यांचा चिवचिवाट लावलाय. खिसाही बदलून बघितला. मांडीची थरथर आठवडाभर होती, आता क्वचित.

आज दुपारी काउंटरला पाचशेच्या नोटा मोजत होते. काचेपलीकडे रांगेतल्या कुणाच्या तरी फोनवर तोच टोन वाजला. टि-डिं-ग. हात थांबला. साठाच्या पुढे कुठेतरी होते, आकडा गेला. समोरच्या काकांनी विचारलं, काय झालं मॅडम? म्हटलं काही नाही, आणि गड्डी मशीनमध्ये टाकली.

लुंगीवाला_आप्पा

नोटा बरोबर होत्या का?

उंबरठा_सातारा

एक कमी. काकांनी खिशातून काढून दिली.